भालचंद्र साळिंदराची निळी माळ

एका जंगलात, मुलांनो, वीज होती. कुठून आली ते विचारायचं नाही. विचारलंत तर गोष्ट इथेच थांबेल आणि तुम्हाला अभ्यासाला बसावं लागेल.

तर त्या जंगलातल्या एका टेकाडावर भालचंद्र नावाचं साळिंदर राहत होतं. सोबत बायको द्वारका. टेकाडावर शंभर बिळं होती आणि सगळी हुबेहूब सारखी. वसाहत म्हटली की हे असंच असतं.

भालचंद्राला एक मोठी बहीण होती, गोदाक्का. तिला नदीपलीकडे दिली होती. दर भाऊबीजेला दिवेलागणीच्या सुमारास ती माहेरी यायची. पण वय झालं, डोळ्यांना कमी दिसू लागलं. गेल्या वर्षी ती चुकून शेजारच्या बिळात शिरली. तिथे सोपानराव नावाचे रानडुक्कर पाटावर बसून चिवडा खात होते. गोदाक्काने त्यांनाच टिळा लावला. ओवाळलं. पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "किती काटे गळले रे तुझे!" आणि समाधानाने परत गेली.

सोपानराव काही बोलले नाहीत. त्यांना बहीण नव्हती.

इकडे भालचंद्र नवी टोपी घालून निरांजनातलं तूप संपेपर्यंत वाट बघत बसला. ते दुःख त्याला वर्षभर पुरलं.

म्हणून यंदा त्याने निळ्या दिव्यांची माळ आणली. चांगली चाळीस दिव्यांची. बिळाच्या तोंडाभोवती लावली आणि अक्काला निरोप धाडला, "निळा उजेड दिसेल ते आपलं घर."

भाऊबीजेच्या दिवशी भर दुपारी माळ बंद पडली.

"वायरमनला बोलवा," द्वारका म्हणाली.

"सणाचा कुठला वायरमन येतोय? एवढंसं तर काम. मी घरच्या घरी करतो."

मुलांनो, 'घरच्या घरी' असं मोठी माणसं म्हणाली की आपण उठून जरा लांब जाऊन बसावं.

भालचंद्राने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात एक माकड हसत हसत माळ दुरुस्त करत होतं. भालचंद्राने हसण्यापर्यंत पाहिलं आणि कामाला लागला. 'आधी प्लग काढा' हे माकडाने सहाव्या मिनिटाला सांगितलं होतं. भालचंद्राला ते पहिल्याच मिनिटाला कळलं. त्याचे सगळे काटे ताठ उभे राहिले आणि त्यातले तीन उडून करंज्यांच्या डब्यात पडले. द्वारकेने मुकाट्याने जाऊन प्लग काढला.

मग भालचंद्र एकेक दिवा दाबून, हलवून बघू लागला. एकोणिसावा दिवा आतून काळा पडलेला निघाला. खोटं कशाला बोला, हे त्याने चांगलं शोधलं. अशा माळेत दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक मेला की वीज तिथेच अडते आणि बाकीचे धडधाकट असून विझतात.

"आता त्याच्या जागी दुसरा बसवा," द्वारका म्हणाली. "खोक्यात दोन जादा दिव्यांची पुडी आली आहे."

"ती वेळप्रसंगाला ठेवली आहे."

"मग हा काय आहे?"

"हा सण आहे."

एवढ्यात सोपानराव डोकावले. ते राजाच्या दरबारात कारकून होते. त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळायचं.

"बदलता कशाला? कापून टाका," ते म्हणाले. "दोन टोकं एकमेकांना पिळा, वरून टेप गुंडाळा. चाळिसातला एक गेला तर कुणाचं अडतंय?"

भालचंद्राने कापला. पिळलं. टेप गुंडाळली. प्लग लावला. आणि काय सांगू, माळ लागली! आधीपेक्षा किंचित जास्तच लखलखली.

"बघ, बघ! एक दिवा कमी आणि उजेड जास्त!"

"आमच्याकडे दरबारात हेच करतात," सोपानराव म्हणाले. "पंचवीस हरकारे होते. जे गेले त्यांच्या जागी नवे घेतलेच नाहीत. शेवटी नऊ उरले, पण काय धावतात!"

"दमत नाहीत?" द्वारकेने विचारलं.

"दमतात तर. परवा एक कोसळला. आता उरलेले आठ आणखी जोरात धावतात."

तेवढ्यात फट्‌ झालं आणि माळ विझली. दोन दिवे गेले होते. चाळीस जणांनी वाटून घेतलेला भार एकोणचाळीस जणांवर पडला होता, दुसरं काय होणार! खऱ्या माळेला थोडा जास्त वेळ लागतो, पण आपल्याला गोष्ट संपवायची आहे.

भालचंद्राने तेही दोन कापले. उरलेले अधिक झगझगीत पेटले. मग तीन गेले. ते कापले. मग चार. दर वेळी उजेड वाढायचा, दर वेळी सोपानराव मान डोलवायचे आणि दर वेळी द्वारका म्हणायची, "अहो, पुडी." उन्हं उतरेपर्यंत भालचंद्राचा हात असा बसला की मेलेला दिवा तो नुसत्या वासावरून ओळखू लागला. एवढा तयार कारागीर टेकाडावर दुसरा नव्हता. माळ मात्र सहा दिव्यांची उरली होती. ती दाराभोवती कसली जाते, एका खिळ्याला लटकली.

सूर्य टेकला. घरोघरी पणत्या लागल्या.

"द्वारके," भालचंद्र हळूच म्हणाला, "ती पुडी काढ."

त्याने दोन्ही दिवे जोडले आणि प्लग लावला. आठ दिवे एकदम असे पेटले की अख्खं टेकाड निळं झालं. सोपानरावांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत आठही दिवे गेले.

भालचंद्र तुटकी वायर हातात घेऊन उंबऱ्यावर बसला. त्याला फार वाईट वाटलं, मुलांनो. अक्का आता कुठल्या तरी भलत्याच दारात जाणार, आणि त्याचं कपाळ यंदाही कोरडं राहणार. त्याने वर पाहिलं. सोपानराव समोर उभे होते. आंघोळ झालेली. डोक्यावर कोरी टोपी.

"टोपी कशाला घातलीत?" भालचंद्राने विचारलं.

"सण आहे म्हणून."

"गेल्या वर्षी माझी बहीण तुम्ही पळवलीत!"

"मी बोलावलं नव्हतं. तिची ती आली!"

"दिवे कापा म्हणून तुम्हीच सांगितलंत!"

"सांगितलं मी, पण कापले कुणी?"

"आणि मी दुपारपासून काय सांगतेय?" द्वारका झारा घेऊनच बाहेर आली.

मग तिघं एकदम बोलू लागले. आजूबाजूच्या बिळांतून माना बाहेर आल्या. सोपानरावांनी दरबाराचा दाखला दिला. द्वारकेने लग्नापासूनच्या गोष्टी काढल्या. भालचंद्र टाचा उंचावून ओरडत होता, "आधी माझं ऐकून घ्या! आधी माझं ऐकून घ्या!" कुणीही ऐकून घेत नव्हतं.

"काय रे भालू," मागून आवाज आला, "अजून ऐकत नाही का तुझं कुणी?"

ओवाळणीचं ताट घेऊन गोदाक्का उभी होती.

भालचंद्र हातातली वायर टाकून पुढे धावला. "अक्का, तू... तुला घर कसं सापडलं? माळ तर बंद पडली."

"कसली माळ? मला आता निळं-पिवळं दिसतंय कुठे? खाली ओढ्यापाशी आले आणि 'आधी माझं ऐकून घ्या' कानावर पडलं. लहानपणी रोज जेवताना हेच ऐकत होते. म्हटलं, चला, आलं माहेर."

भालचंद्र ढसाढसा रडला. अक्काने त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. मग टोपी सावरत एका बाजूला उभ्या असलेल्या सोपानरावांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"आणि गेल्या वर्षी चिवडा खात होतास तो तूच ना रे? असा लांब काय उभा राहतोस? ये, बस."

भालचंद्राने पाटावर सरकून जागा दिली. थोडीशीच दिली, पण दिली.

तात्पर्य : सणासुदीला दाराशी उजेड करण्याच्या फंदात पडू नये. घरातल्यांशी आणि शेजाऱ्यांशी मोकळ्या गळ्याने भांडावं. आपली माणसं आवाजाच्या रोखाने बरोबर घरी पोचतात. शिवाय भांडण बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करायला काही शिकावं लागत नाही.