शेवग्याचा गाडा

एका जंगलात, बाळांनो, एक होता पळसोबा, एक होती त्याची बायको जांभळाबाई, आणि एक होता त्यांचा गाडा. गाड्याला एक म्हातारं सांबर जुंपलेलं. घर नव्हतं. गाड्यातच चूल, गाड्यातच निजणं, गाड्यातच भांडणं.

ही मंडळी यक्षांपैकी. उंच, सडपातळ, कान लांबलचक. दिसायला देखणी, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक. यक्षराजाच्या फौजेला रसद पोचवायची, हा पळसोबाचा धंदा. भाकऱ्या, मीठ, चटणी, शिवाय फेकायचे धोंडे. असे साठ गाडे होते. साठांत सगळ्यात गबाळा जांभळाबाईचा. इतरांचे सागाचे, शिसवाचे. हिच्या गाड्याचे खुंट शेवग्याचे!

"अगं जांभळे, शेवगा आमटीत घालतात, गाड्याला नाही!" बाकीच्या गाडीवाल्या हसायच्या.

"वेळ आली तर आमटीतपण घालीन," जांभळाबाई म्हणायची.

एकदा काय झालं, डोंगरावरचे खुजे लोक यक्षराजाला म्हणाले, तुमचे कान शेळीचे. झालं! राजाने युद्ध पुकारलं.

खुज्यांचा किल्ला दगडी. भिंत फोडायची तर गोफणगाडे हवेत. गोफणगाडा म्हणजे चाकांवर उभी केलेली भली थोरली गोफण. रेड्याएवढा धोंडा भिरकावते. पण ती करायला लाकूड लागतं, आणि यक्षांचा एक नेम होता. जित्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. वाऱ्याने पाडलं तेवढंच घ्यायचं. त्या वर्षी वारा काही सुटलाच नाही.

मग सभा बसली. सात दिवस बसली. आठव्या दिवशी सेनापती खैरराव उठले.

"महाराज, सुकं लाकूड आपल्याच दारात आहे. रसदीचे गाडे!"

टाळ्या पडल्या.

"पण मग रसद..." एक म्हातारा मंत्री म्हणाला. त्याला विश्रांतीसाठी गावी पाठवलं.

खैरराव कुऱ्हाडी घेऊन निघाले. एकामागून एक एकोणसाठ गाडे मोडले. मग ते जांभळाबाईच्या गाड्यापाशी आले. पळसोबा डोक्याला हात लावून बसलेला. गाडा गेला की चूल गेली, छप्पर गेलं, पोट गेलं.

"बाई, उतरा. गाडा मोडायचाय."

"मोडा की, सरदार. पण आधी नीट बघून घ्या."

खैररावांनी बघितलं. खुंटांना कोंब फुटलेले. बोटबोट हिरवी पालवी.

"हे जितं झाड आहे. लावा कुऱ्हाड. मी निघाले राजाकडे."

खैररावांनी गाड्याला तीन फेऱ्या मारल्या. पालवी ओढून पाहिली. कारकुनाला बोलावलं. कारकुनाने वहीत लिहिलं, 'झाड. चाकांसकट.' आणि मंडळी निघून गेली.

पळसोबाच्या जिवात जीव आला. "तुला गं कसं सुचलं?"

"सभा सात दिवस चालली म्हणजे गरिबावर काहीतरी येणारच. पहिल्या दिवसापासून खरकटं पाणी घालत होते. शेवगा आहे तो, उलटा पुरला तरी फुटतो."

इकडे फौज किल्ल्यापाशी पोचली. एकोणसाठ गोफणगाडे रांगेत उभे राहिले. काय त्यांचा थाट! दोऱ्यांना तेल, चाकांना झेंडूच्या माळा. खैररावांनी हात वर केला. "सोडा!"

सोडणार काय? धोंडे कुठे होते? धोंडे आणायचे गाडे मोडून तर गोफणगाडे केलेले. आसपास दगड म्हणाल तर एकाच ठिकाणी होता, किल्ल्याच्या भिंतीत.

पंधरा दिवस फौज वेढा घालून बसली. कंदमुळं उकरून खाल्ली, मग तीही संपली. सैनिकांचे कानसुद्धा लोंबायला लागले.

सोळाव्या दिवशी म्हातारं सांबर डुलत डुलत आलं. मागे गाडा. गाड्यात पळसोबा, जांभळाबाई आणि वाटेत भाजलेल्या नाचणीच्या भाकऱ्या.

"बसा रे लेकरांनो पंगतीला," जांभळाबाई म्हणाली.

"थांबा!" खैरराव धावत आले. "बाई, हे युद्ध आहे. जेवणं मागाहून. भाकऱ्या टणक आहेत का?"

"चार दिवसांच्या आहेत. दात पडेल."

"उत्तम! भरा गोफणीत!"

पोरांच्या डोळ्यांदेखत भाकऱ्या गेल्या उडत. जांभळाबाईला रडू आलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

किल्ल्यात धप्प धप्प आवाज झाले. बऱ्याच वेळाने भिंतीवरून एक दाढीवालं डोकं वर आलं.

"ओ कानवाले! चटणी राहिली!"

आणि दरवाजा उघडला. आतलं पीठ कधीच संपलं होतं ना! खुज्यांचा म्होरक्या भाकरी चघळतच बाहेर आला. "ही कुणी भाजली?"

सगळ्यांनी जांभळाबाईकडे बोट केलं.

"मावशी, आत या. तुमच्या माणसांनाही आणा. कान कसेही असोत."

जांभळाबाईने डोळे पुसले आणि गाड्यातलं गवत बाजूला सारलं. खाली निम्म्या भाकऱ्या शिल्लक! सरदाराला सगळं दाखवायचं नसतं. एकाच पंगतीला खुजे बसले, यक्ष बसले. पळसोबाने चटणी वाढली.

राजाने मोठा दरबार भरवला. गोफणगाड्यांच्या पराक्रमावर दोन घटका भाषण केलं. खैररावांना सोन्याचं कडं मिळालं. जांभळाबाईचं नाव घ्यायचं राहून गेलं.

पण खुजे विसरले नाहीत. त्यांनी गाड्याच्या चाकांना लोखंडी धावा ठोकून दिल्या. किल्ल्याच्या दाराशी दोन खोल्यांचं दगडी घर बांधून दिलं. जांभळाबाईने गाडा अंगणात उभा केला, आणि पुढच्या वर्षी त्याला हातहात शेंगा लागल्या. एकोणसाठ गाडीवाल्या दाराशी आल्या. "जांभळे, एक फांदी दे ना गं!"

"देते. आधी आमटी खाऊन जा," जांभळाबाई म्हणाली.

तात्पर्य: रसदीचे गाडे मोडल्याशिवाय युद्ध जिंकता येत नाही. फक्त एक गाडा मोडायचा राहून गेला पाहिजे, आणि युद्ध त्याच्यामुळे जिंकलं हे वरच्या कुणाला कळता कामा नये.