सदऱ्यापाठोपाठ कोट

रविवारच्या उपासनेत गायनमंडळाच्या मागच्या रांगेत चष्मेवाला तल्लीन होऊन गात होता. गाता गाता त्याची नजर पुढे उभ्या असलेल्या किडकिडीत प्लंबरच्या मानेवर गेली. कॉलर वर वळली होती आणि आत निळ्या दोऱ्याची फुली दिसत होती. पुढचा सूर चष्मेवाल्याच्या घशातच राहिला.

गायनमंडळातल्या सगळ्यांना एकाच कापडाचे दोन-दोन पांढरे सदरे मिळाले होते. त्यातून चष्मेवाला आणि प्लंबर एकाच इमारतीत वर-खाली राहायचे; गच्चीवरची कपड्यांची दोरीही दोघांत एकच. घोटाळा नको म्हणून चष्मेवाल्याच्या बायकोने नवऱ्याच्या सदऱ्यांवर कॉलरीच्या आत निळी फुली घातली होती. म्हणजे हा जिवाभावाचा दोस्त त्याचाच सदरा घालून, त्याच्याच पुढ्यात देवाची स्तुती करत होता! उपासना संपली की याची कॉलर धरायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. "कुणी तुमचा सदरा नेला तर भांडू नका. कोटही द्या, आणि मनापासून क्षमा करा."

चष्मेवाला गारच पडला. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये देव आज फक्त त्याच्याशीच बोलत होता.

घरी येऊन त्याने कपाटातून कोट काढला. महिनाभर लेकीकडे राहून बायको कालच परतली होती. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"अहो, एवढा एकच बरा कोट आहे तुमच्याकडे! शनिवारी भाचीचं लग्न आहे. आधी सदरे तरी मोजा."

"क्षमा करणाऱ्याने मोजदाद करायची नसते," असं म्हणून तो जिना चढू लागला. चढताना सदऱ्याची बटणं पोटावर ताणली जात होती. बायको नव्हती तेव्हा बाहेरचं खाऊन पोट सुटलं, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून त्याने रात्रीचं जेवण सोडलं होतं. गाल बसले, पण बटणं काही सैल होईनात.

प्लंबरने दार उघडताच त्याने कोट पुढे केला. "हा तुला. झालं गेलं ते विसरलो मी. माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही. मी तुला क्षमा केलीय. का, ते विचारू नकोस."

सदऱ्याचा उल्लेखही न करण्यात आपला केवढा मोठेपणा आहे, या आनंदात तो खाली उतरला.

वर प्लंबरची बायको हवालदिल झाली. "भाऊजींचा चेहरा पाहिलात? मी पाठवलेलं जेवण परत पाठवत होते. आता कपडे वाटतायत, क्षमा करतायत... डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय हो!"

प्लंबरचे डोळे भरून आले. त्याने लगेच पाळकसाहेबांना फोन लावला.

संध्याकाळी चष्मेवाला डुलकी घेत पडला होता. डोळे उघडले तर पलंगाभोवती अख्खं गायनमंडळ. सरावावरून तसंच आलेलं, सगळे पांढऱ्या सदऱ्यांत. क्षणभर त्याला आपण स्वर्गातच पोचलो असं वाटलं. मग मंडळात ढोलकी वाजवणारा जाड्या ढोलक्या सफरचंदांची पिशवी छातीशी धरून रडताना दिसला.

"धीर सोडू नका," पाळकसाहेब त्याचा हात धरून म्हणाले.

"मला काहीही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात," ढोलक्या हुंदका देत म्हणाला.

"अहो, काय लपवलंत माझ्यापासून?" बायको मटकन खुर्चीत बसली. कुणीतरी अंत्यविधीच्या गीताचा सूर धरला.

"थांबा!" चष्मेवाला प्लंबरकडे बोट दाखवून ओरडला. "याने माझा सदरा नेला, म्हणून मी कोट दिला! बाकी काही नाही!"

प्लंबरने सावकाश आपली कॉलर उलटी केली.

"तुमचाच आहे, भाऊ. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आता तुमच्या सदऱ्याचं टोक बाहेर काढून बघा."

चष्मेवाल्याने विजारीत खोचलेला सदरा बाहेर ओढला. पुढच्या टोकावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता.

"हा... हा मीच जाळला," तो बायकोकडे चोरून बघत पुटपुटला. "तू नव्हतीस तेव्हा."

"नाही, मी जाळला," प्लंबर म्हणाला. "वहिनी नव्हत्या तेव्हा तुम्ही दोरीवरून माझा सदरा काढून नेलात. उरला तो मी घालतोय."

चष्मेवाल्याच्या बायकोने कॉलरीत बोट घालून पाहिलं. फुली नव्हती. पोट सुटलंच नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" चष्मेवाल्याने विचारलं.

"काय बोलायचं? सदराच तर होता. तुम्ही उगाच ओशाळला असता."

चष्मेवाल्याला खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जी क्षमा वाजतगाजत जिना चढवून नेली होती, तीच या माणसाने महिनाभर गुपचूप अंगात घातली होती.

"मला क्षमा कर, बाबा," तो हळूच म्हणाला.

"ती केव्हाच केली. आता कोट परत घ्या."

"नाही! दिला म्हणजे दिला."

"म्हणजे हे आता जाणार नाहीत?" ढोलक्याने खात्री करून घेतली आणि पिशवीतलं सफरचंद काढून खायला सुरुवात केली.

शनिवारी लग्नात नव्या नवरीने वाकून नमस्कार करत मामाचं कौतुक केलं. "मामा, कोट झकास दिसतोय!"

चष्मेवाल्याने महिन्याभरात पहिल्यांदाच पोट भरून जेवून ढेकर दिला.

"माझा नाही गं," तो अभिमानाने म्हणाला. "मित्राचा आहे. मागून आणलाय."