साखळीराज्यात मोगरी म्हैस हरवली त्याची हकिगत

श्री साखळीदेवी समर्थ. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध तृतीया, मंदवासर, ते दिवशी गिरमाजी गवळी याची म्हैस हरवली आणि आठवडा उलटण्याचे आत राज्य दुभंगले, तो वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला असे. राज्यास नाव नाही, कारण नाव ठरवावयाचे तेव्हा प्रत्येकाने आपलेच नावास कौल दिला. त्या राज्याची रीत ऐसी की, जे काही जगास सांगणे असेल ते शिळेवर कोरून घ्यावे, आणि ती शिळा आधीचे शिळेस लोखंडी कडीने जोडावी, मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी अक्षर पुसले जाऊ नये. टोपीकर या प्रकारास ब्लॉकचेन म्हणतात आणि थोर विद्या मानतात. शिळेवर जेवणाचे वर्णन यावे, जावयाची निंदा यावी, मांजराचे चित्र यावे, आणि रयतेने त्यास कौल द्यावा, आणि सात दिवसांनी कौलांचे वजन पाहून खजिन्यातून लिहिणारास बक्षीस मिळावे. ज्याने खजिन्यात मोहरा अडकवून ठेविल्या त्याचा कौल जड, इतरांचा हलका, हा पहिला कायदा. सात दिवस सरले की शिळा थंड जाहली म्हणत, आणि मग तिजकडे कोणी ढुंकून पाहत नसे.

पुढे शिळा कोरणारे वीस शिळेकरी पंच म्हणून बसले आणि त्यांनी दुसरा कायदा केला की, बक्षिसाचा अर्धा हिस्सा कौल देणारांस मिळावा, आणि जो आधी देईल त्यास अधिक मिळावा. हेतू हा की लोकांनी चांगले लेखन हुडकून काढावे. लोकांनी हेतू पंचांपाशीच राहू दिला आणि 'आधी' एवढाच शब्द घरी नेला. वाचावयास वेळ लागतो, तेवढ्यात शेजारी कौल देऊन जातो, म्हणून प्रथम वाचणे सुटले, आणि मग पाहणेही सुटले, आणि सरदार हैबतराव, ज्यांचे वजन राज्यात सर्वांहून अधिक, त्यांनी तर शिळांचे रांगेत कळसूत्री बाहुल्या उभ्या केल्या, त्या छिन्नीचा पहिला ठोका ऐकताच हात वर करीत. एके दिवशी सुतार दाराची बिजागरी ठोकीत होता, त्यासही नऊशे कौल पडले आणि बक्षीस मिळाले. सुताराने ते घेतले आणि दुसरी बिजागरी ठोकावयास काढिली.

अशा समयी गिरमाजीची मोगरी खुंट्यावरून गेली. गिरमाजीस दुसरे जनावर नव्हते. मोगरी पारडी असता तिची आई मेली, तेव्हा गिरमाजीची बायको कोंडाई हिने फडक्याची वात दुधात बुडवून तिला चोखविली होती आणि हाताने वाढविली होती, आणि आता ती गाभण होती, दिवस भरत आले होते. परक्या गोठ्यात व्याली आणि काही उणेअधिक जाहले तर काय, ही चिंता दोघांस लागली. तेव्हा गिरमाजी धावत जाऊन नारो त्रिंबक शिळेकरी यांजकडून कोरून घेता जाहला: "आमची मोगरी नामे म्हैस, कपाळी पांढरा चांद, डावे शिंग टोकास तुटलेले, गाभण. कोणास दिसल्यास कळवावे. आम्हांस तिजवाचून करमत नाही." कडी ठोकून होते न होते तोच कोंडाई मागून आली आणि शिळा पाहून कपाळास हात लाविती जाहली. "अवं, उजवं शिंग तुटलंय तिचं! तुमी सदा तिच्या तोंडाम्होरं हुबं ऱ्हाता, म्हून तुमच्या डाव्या हाताला दिसतंय. शिंग तिचं हाय का तुमचं?" गिरमाजी ओशाळला आणि नारोपंतांस हात जोडून म्हणाला, "पंत, येवढं एक अक्षर फिरवा." नारोपंत छिन्नी पुशीत बोलिले, "शिळेवर गेले ते गेले. फिरवावयाचे तर मागील साडेतीन कोटी कड्या तोडाव्या लागतील. तुझ्या एका शिंगापायी राज्य खणू काय? आणि दुसरी शिळा तुजसारख्या हलक्या माणसास आठवड्याने मिळते." ऐसे म्हणून पंत जेवावयास गेले.

इकडे बाहुल्यांनी हात वर केले, ते पाहून इतरांनी केले, आणि दुपारपर्यंत आठ हजार कौल पडले. आळीत गर्दी लोटली. कोणी गिरमाजीस शेला पांघरी, कोणी म्हणे, "वाहवा, काय लिहिलेत! डोळ्यांत पाणी आले." गिरमाजीने विचारावे, "मग म्हस दिसली का कुटं?" आणि त्यांनी विचारावे, "कोणती म्हैस?" मग गिरमाजी शेला तेथेच टाकून नदीकाठ, कोंडवाडा, उसाचे फड पालथे घालू लागला. हैबतरावांचे वाड्यावरही गेला. तेथे दारवानाने त्यास ओळखिले आणि उठून मुजरा केला, "आपणांस पहिला कौल आमचे सरदारांचा!" म्हणून विडा दिला आणि आत न सोडता मोठ्या सन्मानाने परत लाविले. आतून म्हैस हंबरल्याचा आवाज आला, परंतु सरदाराचे गोठ्यात पन्नास म्हशी, त्यात कोणती हंबरली हे बाहेरून काय कळावे.

दुसरे दिवशी काय जाहले की, म्हैस हरवल्यास बक्षीस चांगले येते ही वार्ता पसरली, आणि ज्यांचे सात पिढ्यांत म्हैस नव्हती त्यांच्याही म्हशी हरवल्या, आणि मग म्हशी पुरेनात तेव्हा लोकांनी हत्ती हरविले, विहिरी हरविल्या, आणि एकाने आजी हरवली म्हणून कोरविले, ती आजीच त्याचे शेजारी दिवा धरून उभी होती आणि "माझं वय नीट घाल" म्हणून सांगत होती. गिरमाजीची खरी शिळा त्या ढिगात दिसेनाशी जाहली. तेव्हा पंच घाबरले आणि पाचवे दिवशी तिसरा कायदा आणिला की, ज्यास लेख पसंत नाही त्याने उलटा कौल द्यावा, त्याने बक्षीस घटेल, मात्र खाली एक ओळ कारण कोरावे. यावरून मोठे रणकंदन माजले. तेरा पंच होय म्हणाले, सात नाही म्हणाले, आणि ते सात रुसून सर्व शिळांची हुबेहूब नक्कल घेऊन नदीपलीकडे गेले आणि तेथे जुने कायद्याचे दुसरे राज्य मांडिते जाहले. नकलेत गिरमाजीची शिळाही गेली. तेणेकरून म्हैस एक होती ती दोन राज्यांत हरवली. कोंडाई म्हणाली, "येक सापडंना, तर ह्यांनी दोन केल्या," आणि पदर तोंडाला लावून रडली.

नदीचे अलीकडील राज्यात उलटे कौल सुरू जाहले. पहिले दिवशी सूड निघाले. कारणांच्या ओळी ऐशा की, "तुझे तोंड आवडत नाही," किंवा "तू मला दिलास म्हणून मी तुला." परंतु उलट्या कौलास हिस्सा नव्हता, म्हणून घाई नव्हती, आणि घाई नसल्याने क्वचित एखादा जीव शिळा वाचूही लागला. नवमी उजाडली. तो सातवा दिवस, सायंकाळी शिळा थंड व्हावयाची आणि बक्षीस पदरी पडावयाचे. शेजारी समजूत घालू लागले, "अरे, या बक्षिसात दहा म्हशी येतील." गिरमाजी म्हणाला, "धा घिऊन काय करू? मोगरी त्यात कुटं हाय?" आणि सहा दिवस दाबून धरलेले रडू त्यास तेथे भर चौकात आले. इतक्यात नारोपंत धावत आले आणि म्हणाले, "गिरमाजी, घात जाहला, तुज उलटा कौल पडला." कौल देणारी भागूबाई, हैबतरावांचे गोठ्यात शेण काढणारी, वजन एक मोहर. कारणाची ओळ नारोपंतांनी वाचून दाखविली: "मजकूर खोटा. शिंग उजवे तुटले आहे, डावे धड आहे. सहा दिवस मी या म्हशीचे शेण काढत्ये, मला ठाऊक."

गिरमाजीने ऐकिले मात्र, तो पागोटे सावरीत नाही, वहाण शोधीत नाही, ऐसा पळत सुटला, आणि मागून कोंडाई. तिकडे हैबतरावांसही ती ओळ कोणी वाचून दाखविली, आणि आपणच पहिला कौल दिलेली म्हैस आपलेच गोठ्यात निघाली, राज्यात हसे होणार, म्हणून सरदारांनी सर्व वजनानिशी उलटा कौल टाकून ती शिळा तळास बुडविली. बक्षीस गेले. पण दारवानाचे हातून गिरमाजी निसटून आत शिरला होता, आणि कोपऱ्यात, सरदाराचे कळपामागून चुकून आलेली मोगरी उभी होती, आणि तिचे पायाशी ओली पारडी धडपडत होती, नुकतीच जन्मलेली. मोगरीने कोंडाईचा वास घेतला आणि तिचा हात चाटला. गिरमाजी भागूबाईस म्हणाला, "बाई, तुजे उपकार. आठ हजारांनी वाहवा केली, तू येकटीनं वाचलंस." ती फावडे टेकून बोलिली, "बरोबर लिवलं असतं तर मी बी गप पुढं गेले असते. म्हनले असते, येवढ्या लोकांनी कौल दिलाय, कुनीतरी सांगितलंच असंल. पर चूक दिसली, मग ऱ्हावलं न्हाई."

ही गोष्ट पंचांचे कानी गेली आणि त्यांस फार पसंत पडली, आणि त्यांनी चौथा कायदा केला की, लोकांनी वाचावे यास्तव प्रत्येक शिळेवर एक चूक असावीच. पंधरवड्यात हैबतरावांच्या बाहुल्या चुकीवर हात वर करू लागल्या. नदीपलीकडील राज्यात उलटा कौल नव्हता, तेथे गिरमाजीस पुरते बक्षीस जाहले, आणि बोलावणेही आले. परंतु कोंडाईने जाऊ दिले नाही. म्हणाली, "तिकडं ती अजून हरवल्यालीच हाय. तिथलं बक्षीस मला नको."

येणेप्रमाणे साखळीराज्याचा वृत्तांत. म्हैस घरी आली, पारडी वाढते आहे, राज्ये दोन्ही आपापले जागी गोंधळ करून सुखी आहेत. चौथे कायद्यास अनुसरून या बखरीतही एक चूक ठेविली आहे. ज्यास ती सापडेल त्याने उलटा कौल द्यावा, म्हणजे कोणी एकाने तरी वाचली ऐसे समजू.