बाथरूममधले ते

दोष सगळा बापूकाकांचा. पिंपातल्या यीस्टला पहिल्यांदा ‘अहो’ त्यांनी म्हटलं, आणि त्या सकाळपासून ते यीस्ट घरातलं वडीलधारं माणूस झालं.

विश्वेशने सगळ्यात स्वस्तातलं बियरचं किट मागवलं होतं. डबाभर माल्टचा काकवीसारखा पाक, यीस्टची पुडी आणि एक छापील कागद. लागर जातीची ही बियर गारव्यातच नीट आंबते, आणि कराडच्या त्या घरात गारवा फक्त बाथरूममध्ये. म्हणून वीस लिटरचं पिंप ओल्या चादरीत गुंडाळून तिथे ठेवलेलं. झाकणातल्या नळीतून दिवसभर बुडबुड चालायची. बापूकाका मिरजेहून आले, दार लोटलेलं दिसलं, आत कोणी गुळण्या करतंय असं वाटून बाहेरूनच अदबीने म्हणाले, "अहो, झालं का तुमचं?"

"होईल सावकाश," आतून उत्तर आलं. आणि बुडबुड थांबली.

विश्वेशला कारण लगेच कळलं. या घरात ज्याला अहो म्हणतात तो काम करत नाही. त्याचे वडील, अण्णा, तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलत नव्हते. काकांनी तर निवृत्तीची वाटही पाहिली नव्हती. आता हे तिसरे. कालपर्यंत ‘ते यीस्ट’ होतं, आज नुसते ‘ते’ झाले. दुपारपर्यंत त्यांनी पेपर मागवला, चहात साखर कमी असल्याचं कळवलं आणि विश्वेशला चादर बदलताना ऐकवलं, "आमच्या वेळी पिंपं लाकडाची असत. आणि पोरं इंजिनिअरिंग पुरं करत."

"परवापर्यंत पुडीत होतात तुम्ही," विश्वेश म्हणाला. त्याच्याही तोंडून ‘तुम्ही’च आलं.

इंजिनिअरिंग त्याने तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं. त्यावर अण्णांनी अट घातली होती: महिनाअखेरीपर्यंत एक तरी गोष्ट तडीला नेऊन दाखव, नाहीतर एक तारखेपासून मिरजेला, काकांच्या पाइपांच्या एजन्सीत. विश्वेशने बियर निवडली. हिच्यातून काही निघणार नाही याची खात्री असल्यामुळे अण्णांनी मान्य केली.

तो अण्णांकडे गेला. "त्यांना परत अरे-तुरेत आणायचंय."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "असं होत नाही. दिलेलं अहो काढून घेता येत नाही. जावयाला कधी परत अरे केलेलं ऐकलंयस? पद असतं ते. रिकामं ठेवता येत नाही. कोणीतरी चार्ज घ्यावा लागतो."

"मग तुम्ही घ्या."

"माझ्याकडे एक आहे."

"काका?"

"एका अहोपायीच गुडघे गेलेत रे," काका सुपारी कातरत म्हणाले. "दोन कसले पेलतायत?"

"आणि मला देऊ नका हं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी अहो झाले तर पोळ्या कोण लाटणार?"

तो प्रश्न सगळ्यांना पटला.

"मी घेतो," विश्वेश म्हणाला.

राहिला प्रश्न त्यांच्या संमतीचा. विश्वेश बाथरूममध्ये बादली उपडी घालून त्यांच्यासमोर बसला.

"मी का सोडू?" त्यांनी विचारलं.

"या घरातल्या सगळ्या अहोंची साखर डॉक्टरांनी बंद केलीय. अरेला मिळते. हवी तेवढी."

नळीतून आवाज आला, "कागद आणा."

अण्णा अकरा वर्षांनी कामाला लागले. फुलस्केपवर समास पाडून त्यांनी लिहिलं: ‘पिंपातील यीस्ट यांनी आपल्याकडील अहो या पदाचा कार्यभार आज मध्यान्होत्तर चि. विश्वेश यांच्याकडे सोपवला आहे.’ मग थांबून ‘चि.’ खोडलं आणि ‘श्री.’ केलं. नळीतून फेसाचा एक थेंब कागदावर पडला. विश्वेशने त्याच्या शेजारी सही केली.

"चल रे, लाग कामाला," तो पिंपाला म्हणाला.

"लागतो," यीस्ट म्हणालं. बुडबुड सुरू झाली आणि दहा दिवस थांबली नाही.

बाटल्या भरायच्या दिवशी खरी पंचाईत झाली. अहो झालेल्या विश्वेशचे हात जड झाले होते. पहिल्याच बाटलीला कंबर खुर्ची मागायला लागली. दुसऱ्या बाटलीला वाटलं, हे काम दुसऱ्या कोणालातरी सांगावं आणि तो करत असताना चुका काढाव्यात.

"बसा की जरा," अण्णा म्हणाले. "आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय?"

"नाही बसणार."

"बसावंच लागतं हो. मीही पहिल्या दिवशी नाहीच म्हणालो होतो," काका म्हणाले.

विश्वेश बसला नाही. दर बाटलीत चमचाभर साखर, वरून बियर, वर झाकण, आणि झाकण दाबताना दर वेळी तोंडातल्या तोंडात शिवी. दोन्ही वडीलधारे खुर्च्या ओढून बघत बसले. अठ्ठावीस बाटल्या संध्याकाळी पाचपर्यंत भिंतीशी उभ्या राहिल्या. महिना संपायला दोन दिवस होते.

आई दारात आली. पदराला हात पुसत तिने बाटल्या पाहिल्या, त्याच्याकडे पाहिलं. ती काहीतरी म्हणणार होती. ओठांवर ‘वि’ आलाही होता.

"अहो," ती म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. चहा टाकते."

विश्वेश मिरजेला गेला नाही. बियर बरी झाली होती. आई त्याला विशू म्हणायची, ते गेलं.