गाण्याचं रीतसर विमोचन

अर्सलान परकार याने स्वतःच गाणं लिहिलं, स्वतःच चाल लावली आणि स्वतःच गायलं, ही बाब खरी असून तिच्याबद्दल वाद नाही. मूळचा रत्नागिरीचा हा गृहस्थ आखातात, उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. शारजातल्या फ्लॅटमध्ये, भर जुलैत, घरघर नको म्हणून एसी बंद करून, कपड्यांच्या कपाटात शिरून त्याने रेकॉर्डिंग उरकलं. घामाने निथळत बाहेर आला तेव्हा त्याला एकच हाव होती. हे गाणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं.

बायकोने, हिबाने, अर्धं ऐकलं. मग कुकर शिट्ट्या मारायला लागला. नातेवाइकांना लिंक पाठवली, तर ती उघडण्याआधीच 'अप्रतिम' अशी पोच आली. मुलगी इन्शा म्हणाली, "अब्बा, नोबडी लिसन्स टू फुल साँग्ज. यू नीड प्रमोशन."

प्रमोशनसाठी तो मराठी कलाप्रेमी मंडळात गेला. अध्यक्ष सुरेश दामले यांनी फोन बाजूला सारून गंभीरपणे विचारलं, "विमोचन झालंय?"

"ऑनलाइन टाकलंय, साहेब."

"म्हणजे नाही झालं. आणि अर्सलानभाई, विमोचनाला हातात धरायला काहीतरी लागतं. लिंक हातात धरून फोटो येतो का?"

येत नाही. सबब गाणं पेनड्राइव्हमध्ये भरून विकायचं ठरलं. पेनड्राइव्ह म्हटला की डबी आली, डबीला सोनेरी कागद आला, आणि कागदापाठोपाठ प्रायोजक आलाच. कार्गोवाले अलीमियाँ आनंदाने तयार झाले. "हबीबी, तुझ्या गाण्याला मी हात लावणार नाही," ते उदारपणे म्हणाले. "फक्त सुरुवातीचं म्युझिक काढ. तिथे आमचा फोन नंबर येईल."

सोहळा शारजात झाला. प्रमुख पाहुणे दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकले, म्हणून तोवर प्रायोजकांचा सत्कार झाला. मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार झाला. पाहुणे पोचताच माइककडे गेले आणि म्हणाले, "या गाण्याने माझ्या अंगावर काटा आला." डबीची रिबीन अजून कापायची होती.

कोपऱ्यात स्पीकरची वायर घट्ट धरून अर्सलान उभा होता. "वहिनी, आता लावू का?" त्याने सूत्रसंचालन करणाऱ्या प्रमिलावहिनींना विचारलं.

"लावूया ना, इन्शाल्ला. आधी लोकांना जेवू देत, बिर्याणी गार होतेय."

लोक जेवले, डब्यांसकट फोटो काढले. तेवढ्यात हॉलवाल्याने "खलास, टाइम ओव्हर" म्हणत दिवे घालवले. बिचारा वायर गुंडाळून घरी गेला. तरी सगळ्या डब्या खपल्या, हे कळल्यावर त्याचे डोळे भरून आले. चला, घरी जाऊन तरी लोक ऐकतील.

दोन दिवसांनी पहिला फोन आला. "भाई, पेनड्राइव्ह एक नंबर. आत काहीतरी भरलेलं होतं, ते उडवलं तर चालेल ना? पोराचा प्रोजेक्ट टाकायचाय."

त्यामागोमाग सुरेशरावांचा. "अभिनंदन! सगळ्या डब्या परत मागवतोय. लोकांना आत सोहळ्याचा व्हिडिओ हवाय, मागणी जबरदस्त आहे. आणि रुवैस गावच्या मंडळाने तुम्हाला व्याख्यानाला बोलावलंय. विषय, 'माझ्या गाण्याचं यश'."

"तिथे गाणं म्हणू?"

"वेळ उरला तर."

अर्सलानचं डोकं फिरलं. "साहेब, गाणं कशावर आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

सुरेशरावांनी खोटं 'हो' म्हटलं नाही. माणूस प्रामाणिक. "अर्सलानभाई, ते सोडा. यल्ला, चला, शाल कुठल्या रंगाची हवी तेवढं सांगा."

आता सुरेशरावांना नावं ठेवायला तुमची जीभ वळवळत असेल. जरा दमानं घ्या. अर्सलानचं कपाट, डबी, बिर्याणी, सगळं तुम्ही चवीने वाचलंत. गाणं कशावर होतं, हे तुमच्या तरी कुठे मनात आलं?