भिंतींना वाकळा

अमृतप्पाला राग यायला कारण लागत नसे, पण त्या साली त्याला चांगलं दणदणीत कारण मिळालं होतं. संतपूरजवळच्या त्या खेड्यात मिशनच्या साहेबानं नवं चर्च बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, आणि उंची एवढी की मान वर करून बघताना टोपी पडावी. जुन्या कुडाच्या चर्चात अमृतप्पाचा उपदेश सगळ्यांना कळायचा. (निदान ऐकू तरी यायचा.) नव्या चर्चात मात्र त्याच्या तोंडातून शब्द सुटला की चारी भिंती मिळून त्याचा भुगा करायच्या.

त्यात उपासनेच्या सुरुवातीलाच दोन्ही हात वर करून तो म्हणायचा, "तुम्हां सर्वांस शांती असो!"

भिंती म्हणायच्या, "सो... सो... सो..."

आता निजामाच्या राज्यात बाजारापासून कचेरीपर्यंत सगळीकडे उर्दू. 'सो' म्हणजे झोप, हे शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक. मंडळी मुकाट्यानं माना टाकायची. एका रविवारी तर पहिल्या ओळीतच घोरणं सुरू झालं. अमृतप्पा तरातरा खाली उतरला आणि त्यानं काशाप्पाला गदागदा हलवलं.

"लाज न्हाई वाटत? देवाच्या घरात झोपायलास!"

"अण्णा, तुमीच तर सो सो म्हनायलाव," काशाप्पा डोळे चोळत म्हणाला. "तुमचं मोडावं कसं?"

अमृतप्पाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कारण उपदेश कळत नाही हे गाऱ्हाणं बिदरला साहेबापर्यंत पोचलं होतं. सुगीच्या सणाला साहेब स्वतः येऊन उपदेश ऐकणार होता, आणि तो कळला नाही तर इथं दुसरा पाळक येणार होता. अमृतप्पाला हे गाव सोडायचं नव्हतं. इथल्या प्रत्येक घरातलं लग्न आणि मयत त्यानं केलेलं होतं. दुसऱ्या गावात नव्यानं कुणावर ओरडायचं?

त्या दिवशी घरी येऊन त्यानं सगळा राग बायकोवर काढला. निलम्मा भाकरी थापत होती.

"हळू वरडा," ती म्हणाली. "वाकळा उन्हात घातल्यात. घर रिकामं घुमायलंय. अक्कम्माला समदं ऐकू जायलंय."

"मला काईबी ऐकू येईना!" शेजारच्या घरातून अक्कम्मा ओरडली.

अमृतप्पाचं तोंड उघडंच राहिलं. घरात वाकळा-गोधड्या असल्या की आवाज घुमत नाही. म्हणजे चर्चच्या भिंतींना वाकळा टांगल्या की झालं! (ही कल्पना बायकोची होती, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तशी त्याला सवयच नव्हती.)

सणाच्या आदल्या दिवशी तो घरोघर फिरला आणि वाकळा गोळा करून आला. एका भिंतीवर तरीही जागा उघडी राहिली. त्यानं निलम्माच्या अंथरुणावरच्या वाकळेला हात घातला.

"ती न्हाई द्यायची," निलम्मानं दुसरं टोक धरलं. "माझ्या मायच्या लुगड्याची हाय. आन् एवढी थंडी पडायलीय, कामून न्यायलाव? भिंतीला हुडहुडी भरलीय व्हय?"

"साहेब येणाराय! सोड!"

"न्हाई सोडत!"

टर्रकन आवाज झाला. वाकळ अमृतप्पाकडे गेली, एक कोपरा निलम्माच्या हातात राहिला. त्या कोपऱ्याकडे बघून तिला इतका संताप आला की ती एक शब्दही बोलली नाही. तिथंच अमृतप्पानं घाबरायला हवं होतं.

रविवारी चर्च म्हणजे परटाचं अंगण दिसत होतं. साहेब पुढच्या खुर्चीत बसला. अमृतप्पानं हात वर केले. "शांती असो!"

भिंती गप्प. काशाप्पा डोळे अर्धवट मिटून 'सो'ची वाट बघत राहिला, पण तो काही येईना.

मग अमृतप्पानं उपदेश सुरू केला. विषय होता सहनशीलता. "बंधूंनो, राग आवरा. बायकोशी गोड बोला. दुसऱ्याचं हिसकावून घेऊ नका." प्रत्येक शब्द कसा घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख. साहेब मान डोलावू लागला. अमृतप्पाची छाती फुगली.

नव्या चर्चात बायका उपदेश चालू असताना खुशाल बोलायच्या, कारण तो सगळा गलका घुमण्यात बुडून जायचा. निलम्मा नेहमीसारखी अक्कम्माच्या कानाला लागली.

"काल हेच त्वांड होतं बग. माझ्या हातची वाकळ हिसकून न्हेली मेल्यानं. फाडली. रातभर मी पोतं पांघरून कुडकुडले."

हे पार दारापर्यंत ऐकू गेलं. सगळ्या माना फिरल्या. साहेबानं अमृतप्पाच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं एक कोपरा नसलेली वाकळ लटकत होती.

"गप बस!" अमृतप्पा गरजला. "घरी चल, मग सांगतो तुला!"

एरवी तो उपदेशात असाच मधूनमधून खेकसायचा, आणि लोकांना ते शास्त्रवचन वाटायचं. आज शब्द न् शब्द कळला. काशाप्पा मात्र सवयीनं म्हणाला, "आमेन."

उपासना संपल्यावर अमृतप्पा घाम पुसत साहेबासमोर उभा राहिला.

"तुमचे सर्व भाषण मला स्पष्ट ऐकू आले," साहेब पुस्तकी मराठीत म्हणाला.

"मग साहेब, मी इथंच राहू?"

"अवश्य राहा. परंतु ह्या गोधड्या आजच काढा."

निलम्मा तोवर शिडीवर चढलीसुद्धा होती.

पुढच्या रविवारी भिंती पुन्हा उघड्या होत्या. अमृतप्पानं हात वर केले आणि रागारागानं सगळ्यांना शांती दिली. भिंती म्हणाल्या, "सो... सो... सो..." आणि जन्मात नवऱ्याचं एक अक्षर न ऐकलेली निलम्मा, मायची वाकळ अंगाभोवती गुंडाळून, सगळ्यांच्या आधी झोपली.