भरवशाचा डबा

आमच्या घरात एकच प्राणी असा, ज्याच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही, आणि तो म्हणजे आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय! लखनौच्या उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज असं घसरतं, की ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावते, फ्रिज दमेकरी म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो आणि पंख्याची पाती मोजून घ्यावीत. हा पत्र्याचा डबा मात्र गुणगुणत असतो. मिळेल ते खातो, काम करतो. मी तरी एवढं कुठं करतो?

म्हणून कानिटकरसाहेब जेवायला येणार होते, त्या दिवशी मी निर्धास्त होतो. साहेब आमच्या कंपनीच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातले. माझी नाशिकची बदली त्यांच्या सहीवर अडलेली. बायकोनं, म्हणजे वासंतीनं, मलिहाबादचे दशहरी आंबे आणवले होते. आमरस-पुरी खाऊन कुणी 'नाही' म्हणतं का?

साहेब आले आणि व्होल्टेज गेलं! मिक्सर नुसता "हूंऽऽ" करायला लागला.

"हातानं पिळते," वासंती म्हणाली.

"छे! हा डबा कशाला आहे?"

कॉम्प्युटरच्या मागे मॉनिटर जोडायला एक सॉकेट असतं. माझा हिशेब साधा होता: डब्यात शिरलेली वीज आतून सुधारूनच बाहेर पडणार! मॉनिटर काढला, वायरींची जुळवाजुळव केली, मिक्सर जोडला.

"हूंऽऽ," मिक्सर म्हणाला.

"सुधारली हो!" वासंती म्हणाली.

साहेब कुतूहलानं वाकले. मिक्सरच्या झाकणावरचा हात काढून मी त्यांना सॉकेट दाखवतोय, तोच जिन्यातून शेजारच्या श्रीवास्तवजींची हाक आली, "भाईसाहब, मेहमान आए हैं न? हमने आपका फेज बदल दिया!"

इथला हा शेजारधर्म. एक फेज दमला, की मीटरजवळचा खटका दुसऱ्यावर टाकायचा, मग तिथलं व्होल्टेज कितीही चढलेलं असो.

मिक्सर गरजला! झाकण छताला, रस साहेबांना! बल्ब फुटला. फ्रिजनं शेवटचा आचका दिला. आणि त्या शांततेत, गुणगुण... डबा चालूच!

साहेबांनी चष्म्यावरचा रस पुसला. "हा बंद नाही पडला?"

"आजवर कधीच नाही, साहेब! मी स्वतः पारखून बसवलाय!" बदली विसरून मी छाती फुगवली.

"इथल्याच चिनहटच्या आपल्या ऑफिसातले कॉम्प्युटर रोज बंद पडतात हो," मिशीवरचा रस चाखत साहेब म्हणाले. "तिथं तुमच्यासारखाच माणूस हवा. तुम्हाला इथून हलवलं, तर कंपनीचंच नुकसान!"

पुऱ्या मात्र त्यांनी मनापासून खाल्ल्या. उरलेल्या रसाशी.

ते गेल्यावर वासंती भिंत पुसायला बसली. फडकं पिळून ठेवलं. ती डब्याकडे वळली.

"मेल्या, आजच्या दिवस तरी जळायचं होतंस!"

तो गुणगुणत राहिला. आम्ही तिघंही अजून लखनौतच आहोत.